केक आधी खायचा की आधी ठेवायचा?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. 'दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही' या अर्थाची इंग्रजी म्हण तिने पेपरात 'यू कान्ट ईट युअर केक अँड हॅव इट टू' अशी लिहिली. बाईंनी फुली मारली. 'हॅव' आधी आणि 'ईट' नंतर हवं, असं त्यांचं म्हणणं. मुलीला ही म्हण आजोबांनी शिकवली होती. आता रोज जेवताना घरात हाच वाद. बरोबर कोण?
– एक पालक, सांगली

उत्तर : मुलीचा गुण जायला नको होता. बाई सांगतात तो क्रम आज जास्त रूढ आहे, हे खरं. पण आजोबांचा क्रम जुना आणि भक्कम आहे. इंग्रज लेखक जॉन हेवुड यांच्या १५४६ च्या म्हणसंग्रहात 'ईट' आधी येतो. त्याच्याही आधी, १५३८ मध्ये, इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या ड्यूकने राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला लिहिलेल्या पत्रात 'हॅव' आधी आहे. म्हणजे दोन्ही रूपं जवळपास पाचशे वर्षांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तर आजोबांचंच रूप जास्त चालायचं.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. ही म्हण आली की एखादं पोर विचारायचंच, "सर, केक हातात असल्याशिवाय खाणार कसा? मग जमत का नाही?" प्रश्न अगदी रास्त. एकदा मी टेबलावर एक पेढा ठेवला आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हटलं, "हा खा, आणि मधल्या सुट्टीपर्यंत जपूनही ठेव." त्याने पेढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अर्धा खाऊन उरलेला कागदात गुंडाळला. सगळा वर्ग ओरडला, "अर्धाच राहिला, सर!" त्या दिवशी 'हॅव' म्हणजे इथे 'जवळ राखणं' हे मला फळ्यावर लिहावं लागलं नाही. 'ईट' आधी म्हटलं की हा अर्थ पटकन कळतो: खाल्लास, आता शिल्लक कुठून असणार? म्हणून मला स्वतःला जुना क्रमच आवडतो.

या क्रमाने एकदा तर पोलिसी तपासातही साक्ष दिली. अमेरिकेत टेड काझिन्स्की टपालाने बॉम्ब पाठवायचा. त्याच्या बॉम्बनी तीन माणसं गेली. १९९५ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने त्याचा लांबलचक जाहीरनामा छापला, तेव्हा लेखक कोण हे ठाऊक नव्हतं. त्यात ही म्हण 'ईट' आधी अशी होती. त्याच्या भावाला लिहिण्याच्या धाटणीवरून संशय आला. मग जुनी पत्रं तपासली, तर एकात म्हण तशीच. असे अनेक भाषिक धागे जुळले आणि एप्रिल १९९६ मध्ये तो पकडला गेला. एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेचे जेम्स फिट्झजेराल्ड यांनी हे ताडून पाहिलं होतं.

मुलीला पेपर घेऊन बाईंकडे पाठवा, भांडायला नव्हे, हेवुडचं साल सांगायला. आणि बोर्डाच्या परीक्षेत मात्र तिने 'हॅव' आधी लिहावं. तपासणाऱ्याला आजोबा भेटलेले नसतात.