जुनी राजदूत ३५० घेताना

प्रश्न : शेजारच्या गावात १९८६ सालची राजदूत ३५० विकाऊ आहे. रंग नवा आहे, इंजिनचे काम झाले आहे असे मालक सांगतात, आणि पहिल्याच किकला गाडी सुरूही झाली. घ्यावी का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : या गाडीत रंगाइतके स्वस्त दुसरे काही नसते. पहिल्या किकवरही भुलू नका. पुढच्या वेळी न कळवता सकाळी जा, सिलिंडरांना हात लावून ते थंड असल्याची खात्री करा आणि मगच किक मारा, कारण आधीच तापवलेले इंजिन सहज सुरू होते.

यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने १९८३पासून ‘राजदूत ३५०’ या नावाने भारतात बनवली, तेव्हा पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आला आणि मूळच्या ३९ अश्वशक्तींपैकी ‘हाय टॉर्क’ गाडीत ३०.५, तर ‘लो टॉर्क’मध्ये २७ उरल्या. यांतली कोणती गाडी आहे हे केवळ स्टिकरवरून मानू नये.

‘इंजिनचे काम’ म्हणजे नेमके काय, हे विचारा. बहुतेकदा झिजलेले सिलिंडर आतून कातून (‘बोअर करून’) नवे, मोठे पिस्टन टाकलेले असतात. सिलिंडरचा मूळ आतला व्यास, म्हणजे बोअर, ६४ मिलिमीटरचा असून पाव पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन ६५पर्यंत मिळत. सध्याचे पिस्टन शेवटच्या मापाचे असतील, तर पुढचा खर्च आताच किमतीतून वजा करावा. खरी पारख मात्र खाली, क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन टोकांवरील ऑइल सीलमध्ये आहे. क्लचकडचे, म्हणजे उजवे सील गेले, की गिअरबॉक्सचे ऑइल सिलिंडरात ओढले जाऊन जळते. खाली थेंबही न गळता ऑइल कमी होते आणि इंजिन तापल्यावरही धूर थांबत नाही. डाव्या सीलचा दोष अधिक घातक, कारण तिथून बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन सीझ होतो, म्हणजे तापून सिलिंडरात अडकतो. थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडल्यावरही इंजिनचा वेग चढाच राहिला, किंवा डाव्या सिलिंडरचा प्लग पांढुरका निघाला, तर संशय घ्यावा. हे सील बदलायला इंजिन उतरवून क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचे कवच, उघडावी लागते. तेवढे काम झाले असल्यास मालकाकडे त्याचे बिल असायला हवे.

आरसी बुकावरील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होते. ते थकले असेल, तर मालकाने ते पूर्ण करेपर्यंत पैसे देऊ नयेत.

प्रश्न : माझ्या राजदूत ३५०चा ऑइल पंप काढून टाकावा आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे, असा सल्ला मेकॅनिकने दिला आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : पंप बंद पडल्याचे वेळीच कळत नाही आणि इंजिन सीझ होते, ही त्यांची भीती खरी आहे. तरीही चालू पंप काढू नये, असे माझे मत आहे. या टू-स्ट्रोक इंजिनला वंगणाचे ऑइल पुरवणारा हा पंप इंजिनच्या वेगावर आणि थ्रॉटलच्या केबलवर, अशा दोन्हींवर चालतो. आपण घाट उतरताना थ्रॉटल मिटून इंजिनच्या जोरावर गाडी आवरता, तेव्हा पेट्रोल जवळजवळ बंद होते आणि त्यात मिसळलेले ऑइलही. पंप मात्र फिरत्या इंजिनाला थोडे ऑइल देतच राहतो. केबल ताणली गेली असल्यास पंपाच्या चकतीवरची खूण जुळवून घ्यावी आणि ऑइलची नळी उघडल्यास आतली हवा काढावी. ती पूर्ण निघाल्याची खात्री होईपर्यंत पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडे ऑइल घालावे. धूर जास्त होईल, तो होऊ द्यावा.