रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन जतन करणं वाफेच्या इंजिनापेक्षा सोपं असतं का?

वरवर पाहता हो. बॉयलर नाही, पहाटे उठून कोळसा टाकायला नको. बटण दाबलं की सुरू. पण वाफेच्या इंजिनाचे बरेचसे भाग चांगल्या कारखान्यात नव्याने घडवता येतात. डिझेलचे इंजेक्टर, पंप, पिस्टन बनवणारेच उरलेले नसतात, आणि खरी गोम तिथे आहे.

ब्रिटनचं डेल्टिक घ्या. 1961-62 मध्ये अशी 22 इंजिनं लंडन-एडिंबरा मार्गावर आली. ताशी 160 किलोमीटर वेग, 3300 अश्वशक्ती. आत नौदलाच्या वेगवान बोटींसाठी विकसित केलेली नेपियर कंपनीची दोन यंत्रं. एकेकात त्रिकोणी रचनेत 18 सिलिंडर, 36 पिस्टन आणि तीन क्रँकशाफ्ट! बिघाड झाला की रेल्वे अख्खं यंत्र उतरवून दुरुस्त केलेलं दुसरं बसवायची. ती चैन रेल्वेला परवडली, हौशी मंडळींना कुठून परवडणार? म्हणून सुटी यंत्रं आणि भाग जमवून ठेवणं हेच जतनाचं निम्मं काम.

जानेवारी 1982 पर्यंत ही सगळी इंजिनं सेवेतून गेली. त्यातली सहा आणि आधी चाचणीसाठी बनवलेला 1955 चा निळा नमुना वाचला.

आणखी एक. नुसतं उभं ठेवलं तर इंजिन खराब होतं. सील वाळतात, पाणी झिरपतं. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना सुरू केलंत तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकलाच समजा, कारण पाणी दाबलं जात नाही. म्हणून आधी हाताने फिरवून बघायचं. डेल्टिक बराच वेळ संथ चाललं, तर एक्झॉस्टमध्ये तेल साचतं आणि मग धुराचा लोट उठतो. बघ्यांना तोच आवडतो, हे वेगळं!