नोव्हगोरोदमधला ‘गोरोद’ म्हणजे आपला ‘गड’ का?

प्रश्न असा आहे: रशियातील नोव्हगोरोद या प्राचीन शहराच्या नावातील ‘गोरोद’ आणि लेनिनग्राद, स्टालिनग्राद यांतील ‘ग्राद’ हे आपल्या ‘गड’ या शब्दाचे भाऊबंद आहेत का, आणि हजार वर्षांहून जुन्या शहराला ‘नवे’ का म्हणावे?

‘नोव्ह’ आणि ‘नव’ यांचे नाते निर्विवाद आहे. ‘गोरोद’ आणि ‘ग्राद’ ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत, हेही खरे. पहिले अस्सल पूर्व स्लाव्ह वळणाचे, तर दुसरे चर्चच्या जुन्या ग्रांथिक भाषेतून आलेले आणि म्हणूनच भारदस्त वाटणारे. मात्र ‘गड’शी असलेले साम्य केवळ कानाला जाणवणारे आहे. तौलनिक भाषाशास्त्राने ‘गोरोद’चा संस्कृतमधील सगोत्र म्हणून जो शब्द मान्य केला आहे तो ‘गृह’ होय, आणि इंग्रजीतले ‘गार्डन’ व ‘यार्ड’ हेही त्याच कुळातले आहेत. या सर्वांच्या मुळाशी कुंपण घालून बंदिस्त केलेली जागा ही कल्पना आहे. रशियनमध्ये ती अजून जिवंत आहे: ‘ओग्रादा’ म्हणजे कुंपण आणि ‘ओगोरोद’ म्हणजे घरालगतचा भाजीचा मळा. तेव्हा व्युत्पत्तीने पाहिले तर नोव्हगोरोद हे ‘नवगृह’ ठरते (नवग्रहांशी गल्लत करू नये), पण अर्थ मात्र तटबंदीची जागा, मग तटबंदीतली वस्ती आणि शेवटी शहर असा वाढत गेला.

आता ‘नवे’ कशाच्या तुलनेत? इतिवृत्तांत या शहराचा उल्लेख ८५९ सालाखाली येतो आणि ८६२ साली र्‍युरिक हा राज्यकर्ता आल्याची परंपरा आहे. परंतु उत्खननात शहराच्या जमिनीत दहाव्या शतकाआधीच्या वस्तीचे थर मिळालेले नाहीत. नवव्या शतकाचे अवशेष मिळतात ते तेथून सुमारे दोन किलोमीटर दक्षिणेस, व्होल्खोव्ह नदी इल्मेन सरोवरातून निघते त्या परिसरातील ‘गोरोदिश्चे’ या ठिकाणी, आणि या नावाचा अर्थच ‘जिथे पूर्वी गोरोद होता ती जागा’ असा आहे. त्यामुळे जुन्या गोरोदच्या तुलनेत हा नवा, असे अनेक अभ्यासक मानतात. नदीकाठच्या वेगवेगळ्या वस्त्यांनी मिळून मध्यभागी उभारलेला नवा कोट म्हणजे नोव्हगोरोद, असेही एक मत आहे. मला या दोन मतांत फारसा विरोध दिसत नाही, कारण दोन्हींत ‘गोरोद’ म्हणजे शहर नसून तटबंदी आहे. तो कोट आजही उभा आहे. त्याचे स्थानिक नाव ‘देतिनेत्स’, आणि त्याच्या आत १०४५ ते १०५० या काळात बांधलेले सेंट सोफियाचे दगडी कॅथेड्रल आहे.

व्याकरणाच्या अंगाने एक गोष्ट अधिक रंजक आहे. जुन्या रशियनमध्ये हे नाव दोन सुटे शब्द असल्यासारखे चालत असे, म्हणजे विभक्ती लागताना विशेषणही बदले: ‘नोव्हगोरोदचा’ यासाठी ‘नोवागोरोदा’. आजच्या रशियनमध्ये पूर्वपद गोठले आहे आणि रूप ‘नोव्हगोरोदा’ असे होते. आपल्याकडे नियमाने ‘नव्या मुंबईत’ व्हायला हवे तेथे सर्रास ‘नवी मुंबईत’ म्हटले जाते, तो प्रकार याच जातीचा आहे.

या गावाची बोली आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे ती भूर्जपत्रांमुळे. २६ जुलै १९५१ रोजी आर्त्सिखोव्हस्की यांच्या उत्खननात पहिले पत्र सापडले, आणि आता ही संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीने बर्चची साल टिकवली. तिच्यावर टोकदार लेखणीने कोरलेले उधारीचे हिशेब, घरगुती निरोप, इतकेच काय, तेराव्या शतकातील ओन्फिम नावाच्या मुलाने गिरवलेली मुळाक्षरे आणि काढलेली चित्रेही वाचता येतात. भाषाशास्त्रज्ञ आंद्रेई झालिझ्न्याक यांनी या पत्रांवरून जुन्या नोव्हगोरोद बोलीचे स्वतंत्र व्याकरण सिद्ध केले.

या शहराचे आजचे अधिकृत नाव ‘वेलिकी नोव्हगोरोद’ असे आहे, आणि ‘वेलिकी’ म्हणजे थोर. ‘व्हेचे’ या नागरिकसभेच्या बळावर राजपुत्रालाही हाकलून देणारे हे नगरराज्य स्वतःला ‘गोस्पोदीन वेलिकी नोव्हगोरोद’, म्हणजे ‘स्वामी थोर नोव्हगोरोद’, असे म्हणवून घेई. १४७८ साली मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने ते जिंकले आणि व्हेचेची घंटाच मॉस्कोला नेली. पुढे व्यवहारात नुसते ‘नोव्हगोरोद’ उरले. ‘वेलिकी’ हे पद अधिकृत नावात परतले ते १९९९ साली.

‘निझ्नी नोव्हगोरोद’, म्हणजे ‘खालचे’, हे ओका आणि व्होल्गा यांच्या संगमावर १२२१ साली वसलेले निराळे शहर असून १९३२ ते १९९० या काळात त्याचे नाव गोर्की होते. १९९२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेली स्मारके वेलिकी नोव्हगोरोदची आहेत, त्यामुळे मराठी लेखनात नुसते ‘नोव्हगोरोद’ न लिहिता विशेषण जोडणे इष्ट. उच्चारात शेवटचा ‘द’ ‘त’कडे झुकतो आणि आघात पहिल्या अक्षरावर असल्याने पुढचे ‘ओ’ पुसट होतात. तरी लेखनात मूळ वर्णांना धरून ‘नोव्हगोरोद’ हेच रूप मी योग्य मानतो.