पद्मिनी चालती ठेव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

आजोबांची पद्मिनी तू भंगारात जाऊ दिली नाहीस, हे तुझ्या बाबांनी सांगितलं तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तू पाठवलेले फोटो मी मोठे करकरून पाहिले. तू विचारलं आहेस की सगळी गाडी खोलून एकदाच नव्यासारखी करून घ्यावी का. माझं उत्तर आहे, नको. आधी ती चालती कर आणि मग चालती ठेव. रंग, क्रोम, सीटकव्हरं हे सगळं मागाहून.

ज्या गॅरेजांत माझी उठबस झाली तिथे हौसेने खोललेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. दरवाजे भिंतीला टेकवलेले, इंजिन स्टुलावर, नटबोल्ट डालड्याच्या डब्यात. मालक आधी दर आठवड्याला यायचा, मग महिन्या-दोन महिन्यांनी, मग यायचाच नाही. पैसे संपतात हे खरं, पण त्याआधी जीव उडतो. उभ्या गाडीवर माया राहत नाही. थोडी कुरकुरत का होईना, रविवारी सकाळी घरच्यांना फिरवून आणणारी गाडी आपली कामं आपल्याकडून बरोबर करून घेते.

तुझी गाडी १९७६ची. म्हणजे पद्मिनी हे नाव मिळून या मॉडेलला फार दिवस झाले नव्हते. त्याआधी ती फियाट अकराशे डिलाइट होती, मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट, आणि १९७४पासून पद्मिनी. आम्ही मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत आलो. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. तिचं मूळ घराणं इटलीचं. तिथे ही मालिका १९६९मध्ये थांबली, आपल्याकडे ती विसावं शतक संपेपर्यंत चालली. हे सगळं तुला सांगतोय त्याला कामाचं कारण आहे. परदेशातून त्याच मालिकेतल्या ‘अकराशे डी’चे सुटे भाग मागवायचा मोह तुला होईल. जपून. इटलीतल्या अकराशे डीचं इंजिन १२२१ सीसीचं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिलिमीटर. आपलं १०८९ सीसीचं, बोअर ६८. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोन्हींचा ७५च, पण तिकडचा पिस्टन इथे बसणार नाही.

पहिल्या दिवशी पान्ह्याऐवजी लोहचुंबक हातात घे. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, पायाखालचा फ्लोअर आणि डिकीत स्टेपनीच्या खालचा पत्रा सावकाश तपास. चुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे आणि तिच्याखाली बहुधा गंज आहे. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग करणारा टिंकर शोध. वरून लांबी मारून रंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पड. गाडीवर पहिला मोठा खर्च करायचा असेल तर तो इथे कर. बाकी सगळं हळूहळू जमतं, पत्रा थांबत नाही.

आता इंजिन. इथे मला पानं पुरणार नाहीत.

गाडी झटके द्यायला लागली, पिकअप पडला, की लोक हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर खोलायला धावतात. तू आधी पॉइंट बघ, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी टोकं. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या डबीची, कॅप काढ, आतून तडा किंवा काळी रेघ दिसते का पाहा, आत फिरणाऱ्या रोटरचं टोक पाहा, मग पॉइंट उघडून त्यांची तोंडं पाहा. एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा झाला असेल तर पॉइंटांवरची ठिणगी शोषणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्यायचा. पॉइंट साफ करून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, गॅप लाव. गॅप बदलली की ठिणगीचं टायमिंगही सरकतं, म्हणून ते त्यानंतर. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांच्यावर चिकटपट्टीने नंबर टाक. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ आहे, पण पाठ असली तरी नंबर टाकच. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे खटके, पुस्तकात दिलेल्या गॅपनेच. आवाज नको म्हणून ते घट्ट करून ठेवणारे मेकॅनिक भेटतील. टॅपेट थोडे वाजलेले चालतात, घट्ट ठेवले तर व्हॉल्व्ह जळतात. हे सगळं झालं की मगच कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लाव.

ज्यांच्याकडे मी हे शिकलो त्या मेस्त्रींचं कान हेच मोठं हत्यार होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटायचे आणि आवाज कुठून येतोय ते सांगायचे. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देऊन म्हणायचे, ‘आता तुम्ही ऐका.’ पंपाची टकटक वेगळी, टॅपेटची वेगळी, बेअरिंगचा आवाज खोल आणि जड. त्यांचा एक दंडक होता, तो मी तुझ्या हवाली करतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पॉइंट साफ केले? चालवून ये. फरक नाही पडला? मग कंडेन्सर. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, कॉइल सगळं एकदम नवं टाकलं तर गाडी कदाचित सुरळीत होईलही, पण दोष कशात होता ते तुला कधीच कळणार नाही. पुढच्या खेपेला तोच दोष रस्त्यात आला की तू तिथेच अडकशील. एक वही कर. तारीख, किलोमीटर, काय केलं, काय फरक पडला. माझी वही अजून कपाटात आहे. तिच्या पानांवर ग्रीसचे डाग आहेत आणि मधूनच आमच्या सौं.ची वाणसामानाची यादी आहे.

आणि हे काम जमलं की जे सुख मिळतं ते मी तुला सांगून कळायचं नाही. बॉनेट उघडं, हात कोपरापर्यंत काळे, मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवतोय आणि एका क्षणी इंजिन एका सुरात चालायला लागतं. फियाटचं ते छोटं इंजिन नीट लागलं की त्याचा आवाज मला फार आवडतो. आमची मुलं लांबून हॉर्न न वाजवता ओळखायची, बाबा आले.

मे महिन्यात एकदा चिपळूणहून कऱ्हाडला निघालो होतो. पुढच्या लांब सीटवर तिघं, मागे चौघं, टपावर सामान. कुंभार्ली घाटात गाडी खोकली आणि बंद पडली. व्हेपर लॉक! पेट्रोलचा पंप इंजिनलाच जोडलेला असतो. उन्हात, चढावर तो इतका तापतो की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. पंपावर ओलं फडकं टाकलं आणि आम्ही आंब्याच्या सावलीत बसलो. आईने दडपे पोह्यांचा डबा उघडला. डबा संपेपर्यंत पंप निवाला होता, गाडी सुरू झाली आणि कुणालाही प्रवास बिघडल्यासारखं वाटलं नाही. तू घाटात जाशील तेव्हा पाण्याचा कॅन आणि सुती फडकं जवळ ठेव. त्याआधी पंपाखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना ते बघ. अनेक गाड्यांतून तो कुणीतरी काढून टाकलेला असतो. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे पाणी अडवून धरणाऱ्या थर्मोस्टॅटचंही तसंच. गाडी तापते म्हणून तो काढण्यापेक्षा रेडिएटर साफ करून घे, कारण थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापतच नाही आणि पेट्रोल जास्त खातं.

पेट्रोलची एक गोष्ट आमच्या वेळी नव्हती. आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि गाडीच्या पंपातला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, त्यासाठी बनवलेले नाहीत, ते फुगतात, भेगाळतात आणि गळतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची गळती म्हणजे आगच. म्हणून सगळे पाइप इथेनॉल चालणारे बसव आणि दर महिन्याला हात फिरवून पाहा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नकोस. गाडी चालती ठेव म्हणतो त्याचं हेही एक कारण.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुगाड अजिबात नको. चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच सर्किट. एका जागी फ्लुइड गळलं की चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होस, सगळं नवं टाक. ‘एका वेळी एकच’ हा नियम इथे लागू नाही. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर, उताराला कधीच न्यूट्रल नाही.

सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउस, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. आजवर या भागांचा बाजार टॅक्सीवाल्यांनी जिवंत ठेवला होता. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा ते गिऱ्हाईक संपलं. म्हणून काचा, टेललॅम्पच्या लेन्सा, दारांची हँडलं, वायपरची मोटर दिसेल तिथे घेऊन ठेव. रबराचा साठा करू नकोस. ते कपाटात पडूनही कडक होतं, लागेल तेव्हा ताजं घ्यावं.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. आधी आरसी बुक कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपली ते पाहा. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, त्यात नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण ती घेतली की गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. तुला दर रविवारी गाडी काढायची असेल तर त्या फंदात घाईने पडू नकोस. आणि कुणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचा सल्ला दिला तर ऐकू नकोस. मूळ इंजिन नसेल तर व्हिंटेज नोंदणी अडते, आणि मुख्य म्हणजे ती आजोबांची गाडी राहत नाही.

येत्या रविवारी एवढंच कर. बॅटरीची केबल काढ, चारही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि रात्रभर तसंच राहू दे. सोमवारी टॉप गिअर टाकून गाडी दोघांनी मिळून हळूच ढकला. इंजिन फिरलं तर लगेच मला फोन कर. नाही फिरलं तर जोर करू नका, आणखी थोडं ऑइल सोडून दोन दिवस थांबा. हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, बोल्ट सोडू नकोस. हेड अॅल्युमिनियमचं आहे, ते कसं उतरवायचं ते मी आल्यावर दाखवतो. आणि पॉइंटचा फोटो अगदी जवळून काढून पाठव, खड्डा कोणत्या बाजूला पडलाय ते मला पाहायचंय.

तुझा,
काका