दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा कमाईचा दहावा हिस्सा, कपातीआधीच्या पगारावर द्यावा की हातात येणाऱ्या? आणि आई घरातलं जुनं सामान चर्चला देऊन टाकतेय, तिला अडवावं का?

जय ख्रिस्त.

पहिला भाग लवकर संपतो. बायबलच्या नव्या करारात मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, दहा टक्क्यांचा हुकूम कुठेही नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. मी १९९८ पासून एकूण पगारावर देतो, पीएफ धरून. म्हणजे पीएफ हातात येईल तेव्हा त्यावर पुन्हा द्यायला नको. सगळा दशांश भांडारात आणा असं सांगणारं मलाखी ३:१० ऐकवून कोणी घाबरवायला लागलं तर त्याला नव्या करारातली हनन्याची गोष्ट पुरती वाचायला सांगा. हनन्याने शेत विकलं, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे दिले असं भासवलं. शेत तुझंच होतं, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता, असं पेत्र त्याला स्वच्छ सांगतो. हनन्या मेला तो खोटं बोलण्यापायी, कमी दिल्यापायी नाही.

दुसरा भाग वाचला आणि समोरचा चहा निवून गेला.

आमचं गाव नेवासा तालुक्यातलं. बाजरी निघाली की चर्चमध्ये हंगामाचा सण. वेदीपुढे डांगरं, पायलीने बाजरी, अंड्यांची पाटी, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादं करडू. उपासना झाली की अंगणात लिलाव. तिथला भाव वस्तूचा नसतो, हे तुम्हाला माहीत असेलच. एका लिंबाला तीनशे येतात, कारण पुण्याहून आलेले दोन साडू एकमेकांवर चढत असतात.

२०११ साली त्या ढिगात आमचं घंगाळ होतं.

पितळी, दोन कड्यांचं, मला लहानपणी एकट्याला उचलत नसे असं. ७२च्या दुष्काळात आईवडील खडी फोडायला जायचे आणि सुकडीवर दिवस काढायचे. तेव्हा हे घंगाळ गहाण पडलं. मोडीत मात्र जाऊ दिलं नाही. चार वर्षांनी वडिलांनी सोडवून आणलं, तेव्हा आईने ते चिंचेने घासून दारात उपडं घातलं होतं, येणाजाणाऱ्याला दिसावं म्हणून. आम्हा तिन्ही भावंडांच्या आंघोळी त्यातल्याच पाण्याने झाल्या. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कुणाला न विचारता आईने ते चर्चला दिलं होतं.

मी पिंपरीहून सकाळीच पोचलो होतो. घंगाळ दिसलं आणि डोकं फिरलं. बोली पाचशेला सुरू झाली. मंडळीतलाच एक कॉन्ट्रॅक्टर चार हजारापर्यंत आला, मी बेचाळीसशे म्हटलं. एक वार, दोन वार, तीन वार. टाळ्या पडल्या. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, बघा, लेकाने आईचं दान सोडवलं. मी ते खांद्यावर घेऊन घरापर्यंत चालत गेलो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

आई उंबऱ्यात उभी. म्हणाली, "देवाच्या दारातनं माघारी आणलंस? मग मी काय दिलं?"

मी म्हटलं, अगं, पैसे चर्चलाच गेले ना. ती म्हणाली, "पैसे तुझे गेले." एवढंच. ते घंगाळ तिने रात्रभर पडवीतसुद्धा येऊ दिलं नाही. सकाळी निघताना बघतो तर माझ्या गाडीच्या डिकीत, आणि वर बाजरीची पिशवी. पावतीवर लिहिलेलं होतं, घंगाळ, लिलाव, रुपये ४,२००, आणि खाली नाव माझं. तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि तिला त्याचं काही नव्हतं. मला होतं.

इथवर आईचं. आता दादाचं, कारण तुमच्या प्रश्नाखाली ज्यांनी ‘आधी घरचं बघा, मग देवाचं’ असं लिहिलंय, त्यांचा सूर अगदी त्याच्यासारखा आहे.

दादा गावात, शेती त्याच्याकडे, आई त्याच्याजवळ. त्या दिवशी जेवताना सगळ्यांदेखत तो म्हणाला, "पिंपरीच्या चर्चात बाकावर तुझं नाव आहे, इथं आईच्या पत्र्याला भोक आहे." बाकावर वडिलांच्या स्मरणार्थ पाटी मी लावली होती, हे खरं. आईला महिन्याला पाचशे पाठवत होतो, दशांश त्याच्या कितीतरी पट जात होता, हेही खरं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातलं कुर्बानही त्याने काढलं. आईबापाला मिळायचं ते देवाला वाहिलं म्हणून सांगायचं आणि हात झटकायचे. मी ताटावरून उठलो.

वर्षभर बोललो नाही. मग एकदा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय वाचताना अडकलो. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश कुणासाठी? लेवी (देवाच्या सेवेला वाहिलेला वंश), उपरी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. आमची आई विधवा होती. चौदा वर्षं मी दशांशाचा हिशेब पैशापैशाने ठेवला आणि हे वचन माझ्या हिशेबात कधी आलं नाही. पत्रे मी २०१२ला बदलून दिले, दशांशातूनच. आमच्या चर्चच्या सेक्रेटरींना ते पटलं नाही. त्यांना पटायची गरज नव्हती.

पण म्हणून दादा सगळाच बरोबर होता असं नाही. त्याचं म्हणणं, आईनेही घंगाळ द्यायला नको होतं, घरातलं होतं, नातवंडांचं होतं. इथे मी अजूनही त्याच्याशी भांडेन. त्याने आईला हिशेबात धरलं ते फक्त घेणारी म्हणून. तिलाही द्यायचं असतं, आणि देण्याजोगं तिच्याकडे ते एकच होतं. मंदिराच्या दानपेटीत जवळच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेला येशूने हात धरून थांबवलं नाही. आमच्याकडे दान म्हटलं की ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव निघतं, १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा मांडला म्हणून. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते घर कसं रेटलं, ते मात्र कुणी विचारत नाही. दुसऱ्याच्या जिवावर दिलेलं वेगळं, स्वतःचं दिलेलं वेगळं. आई स्वतःचं देत होती.

आणि दादा कंजूष नाही, हेही लिहायला हवं. तेरा सालच्या दुष्काळात त्याने निम्मा कडबा शेजाऱ्यांना फुकट दिला, चर्चच्या वहीत त्याची नोंद नाही.

तर तुमच्या आईला अडवू नका. काय देतेय ते विचारा, का देतेय ते विचारा, आणि लिलावात सोडवायला तर मुळीच जाऊ नका. बहीणभावांना मात्र आधी कळवा, मागाहून कळलं की दहा वर्षं जातात. घर किंवा जमीन द्यायची म्हणत असतील तर गोष्ट निराळी, तिथे नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं, वकिलाला भेटा. आणि तुमचे पाळक घरी येऊन वस्तूंकडे बघून बोलत असतील तर वर लिहिलेलं सगळं विसरा आणि आईला अडवाच. मोडकी मिक्सर-इस्त्रीही चर्चला देऊ नका, आमच्या चर्चची एक खोली तशाने भरलेली आहे.

घंगाळ आमच्या गॅलरीत आहे, त्यात मनीप्लांट. आई आता नाही. जाण्याआधी तीही एकदा येऊन बघून गेली, बोलली काही नाही. गेल्या नाताळात दादाने पुतणीच्या हळदीसाठी मागितलं. म्हटलं, घेऊन जा. अजून आलेला नाही. तो इथे वाचत नाही, वहिनी वाचतात.