छोटा हत्ती नंतर, आधी पंप

प्रश्न: वय ३८, राहणार चिंचवड. इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे, हातात ३४,००० पगार येतो. पत्नीचे शिवणकामाचे आठ-नऊ हजार होतात. गृहकर्जाच्या हप्त्यासकट घरखर्च ३८,०००. साडेचार लाखांची एफडी आहे. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या, पार्किंग, गच्च्या हाय प्रेशरने धुवून देण्याचा फिरता धंदा करायचा आहे. नवा छोटा हत्ती, त्यावर हजार लिटरची टाकी, गरम पाण्याचे मशीन, जनरेटर असे १०.८ लाखांचे कोटेशन आहे. ८ लाख मुद्रा कर्ज, बाकी एफडी मोडून. डिझेल, केमिकल, टँकरचा खर्च जाऊन एका कामामागे साडेतीन हजार सुटतात. बारा सोसायट्यांनी शब्द दिला आहे. नोकरी सोडू का?

उत्तर:

नमस्कार. धंदा चांगला निवडलात आणि त्यातले तुम्हाला कळतेही. पण कोटेशन वाचताना वाटले, तुम्ही धंदा उभा करायला निघालात आणि वाटेत गाडी विकत घेऊन बसलात.

आधी त्या बारा सोसायट्या. ऐकायला भरपूर वाटतात. टाकी वर्षातून दोनदा धुतात, पार्किंग फार तर एकदा, तेही दिवाळीच्या तोंडावर. म्हणजे एका सोसायटीची वर्षाला तीन कामे आणि बारांची छत्तीस. महिन्याला तीन कामे झाली.

आता दुसरी बाजू. ८ लाखांचा ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १७,४०० च्या घरात जातो. मदतनीस १६,०००. गाडीचा विमा, पासिंग, दुरुस्ती मिळून महिन्याला ५,००० धरा. तुमचा बंद होणारा पगार ३४,०००. बेरीज ७२,४००. एका कामामागे डिझेल, केमिकल, टँकर वजा जाता साडेतीन हजार हा तुमचाच आकडा. तेव्हा महिन्याला २१ कामे लागतील, वर्षाला २५२. त्यासाठी ८४ सोसायट्या हव्यात, हातात बारा आहेत. त्यातही 'शब्द दिला' म्हणजे सेक्रेटरीने दिला. कमिटी बदलली की शब्दही बदलतो.

शिवाय डाउन पेमेंटला २.८ लाख गेले की एफडीत १.७ लाख उरतात. घरखर्च आणि गाडीचा हप्ता मिळून महिना ५५,४०० जाणार. कामे आली नाहीत तर पत्नीची कमाई धरूनही जेमतेम साडेतीन महिने तग धराल, आणि पावसाळाच चार महिन्यांचा असतो.

मुद्राबद्दल एक. पाच ते दहा लाखांचे 'तरुण' गटातले कर्ज विनातारण मिळते हे खरे. त्यामागे सरकारी हमी असते हेही खरे. पण ती हमी बँकेसाठी आहे. हप्ते थकले तर बँक सावरते. तुमचे देणे आणि बिघडलेला सिबिल तुमच्याच नावावर राहतो. सरकार आपले कर्ज फेडेल हा गैरसमज मी दर महिन्याला कोणाच्या तरी तोंडून ऐकतो.

आता गाडीकडे या, कारण खरी चूक तिथेच आहे. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. छोटा हत्ती पाऊण टनाच्या आसपास माल वाहायला बनवलेला आहे. त्यावर मशीन, जनरेटर, पाइपचे रीळ आणि माणसे. टाकी भरून निघालात की रोजच ओव्हरलोड. पकडले गेलात तर दंड २०,००० पासून सुरू होतो आणि जादा टनामागे २,००० वाढत जातो. अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो तो वेगळाच. टाकी अर्धी ठेवून नेली तर वळणावर पाणी हिंदकळते आणि गाडी झोल खाते. आत आडव्या पट्ट्या आहेत का, हे कोटेशन देणाऱ्याला विचारलेत?

बरे, एवढे पाणी पुरते तरी किती? तुमचे मशीन मिनिटाला १५ लिटर फेकते. हजार लिटर तासाभरात संपतात, पाचशे अर्ध्या तासात. टाकी कितीही मोठी घेतली तरी पार्किंग धुवायला बाहेरून पाणी घ्यावेच लागेल. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते, सोसायट्या आधीच टँकर मागवतात. पार्किंगसाठी पिण्याचे पाणी कोण देणार? म्हणून कोटेशनमध्ये 'टँकर सोसायटीच्या खर्चाने' ही ओळ हवी, आणि गाडीवर २५०-३०० लिटरची छोटी टाकी, फक्त पंप कोरडा पडू नये एवढ्यापुरती. टाक्या धुण्याच्या कामाला मात्र हाच दिवसाआडचा पुरवठा सोयीचा. पाणी यायच्या आधीच्या रात्री भूमिगत टाकी तळाला गेलेली असते, उपसा कमी आणि सोसायटीचे पाणीही वाया जात नाही. तारखा त्या वेळापत्रकावरून धरा.

गरम पाण्याचे मशीन काढून टाका. ते गॅरेजच्या ऑइलला आणि हॉटेलच्या चिकटाला लागते. शेवाळ थंड पाण्याच्या जोरानेच निघते, टायरच्या काळ्या डागांना जोडीला केमिकल लागते. तिथे उपयोगी पडते सरफेस क्लीनरची डिस्क, खाली फिरते नोझल असलेली. नुसती गन घेऊन पार्किंग धुणारा माणूस दुपारपर्यंत दमतो आणि फरशीवर पट्टे उमटतात. शून्य डिग्रीचे, एकाच बारीक धारेचे लाल नोझल मदतनिसाच्या हाती देऊच नका, पेव्हर ब्लॉकच्या सांध्यातली वाळू उडते आणि भरपाई तुमच्याकडे मागतात.

माझ्या हिशेबाने थंड पाण्याचा पंप, डिस्क, पाइप, छोटी टाकी, उपसा पंप, टाकीत उतरणाऱ्यासाठी हवा सोडणारा ब्लोअर आणि अंगाला बांधायचा पट्टा (हार्नेस) हे सगळे १.४५ लाखांत बसवा. हे सामान लोखंडी सांगाड्यावर घ्या, चौघांनी उचलून कुठल्याही टेम्पोत ठेवता येईल असे. सांगाडा गाडीला वेल्ड केला की आरटीओच्या परवानगीचा प्रश्न येतो आणि गाडी विकतानाही अडतो. इंजिनाचा पंप टाकीत कधीच उतरवू नका, तो गाडीवरच राहिला पाहिजे. बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला आरडाओरडा करायलाही वेळ देत नाही.

नोकरी सध्या ठेवा. रविवारी भाड्याचा टेम्पो, दोन कामे. ९,००० आले, डिझेल, केमिकलचे २,०००, टेम्पो २,२००, मदतनीस ८००. हाती ४,००० राहतात. चारही रविवार भरले तर १६,०००, त्यासाठी बारांच्या पुढे आणखी सोसायट्या जोडाव्या लागतील. तसे झाले तर साधारण नऊ महिन्यांत सांगाडा फिटतो आणि एफडीतले तीन लाख शाबूत राहतात.

फेऱ्या महिन्याला सात-आठवर गेल्या की मात्र भाडे परवडत नाही. तेव्हा साडेतीन लाखांपर्यंतची सेकंडहँड गाडी बघा. एक लाख भरून अडीच लाख तीन वर्षांसाठी १३ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ८,४०० च्या आसपास येतो. एजंट 'फक्त १० टक्के' म्हणाला तर फ्लॅट (व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की रिड्युसिंग (व्याज उरलेल्या रकमेवर) ते विचारा. पाच वर्षांचे १० टक्के फ्लॅट म्हणजे प्रत्यक्षात सतरा टक्क्यांच्या वर.

या वाटेत एक तोटा आहे, तोही सांगतो. पीएमईजीपीचे (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे) अनुदान नव्या उद्योगालाच मिळते, आधी सुरू झालेल्याला नाही. शहरी खुल्या गटाला ते १५ टक्के असते आणि तीन वर्षे बँकेत अडकून राहते. त्याच्यासाठी मी थांबलो नसतो. पण पहिले बिल फाडण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात एकदा विचारून या.

नोकरी सोडायची वेळ येईल तेव्हा कंपनीचा मेडिक्लेमही जाईल. कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी त्याच्या वर्षभर आधी घ्या, म्हणजे जुन्या आजारांचा खर्च न मिळण्याचा प्रतीक्षा काळ लवकर सुरू होऊन लवकर संपतो. आणि ते बारा ग्राहक तुमच्या सध्याच्या कंपनीचेच नाहीत ना? नेमणूकपत्रात ग्राहकांबद्दलचे कलम असेल तर आधी वाचा. रविवारची कामे लपूनछपून केलेली शेजारच्या सोसायटीपर्यंत सोमवारीच पोचतात.

कोटेशनच्या शेवटच्या पानावर गाडीच्या दोन्ही बाजूंना नाव रंगवण्याचे १८,००० लिहिले आहेत. ते आत्ताच खोडा. त्या पैशांत जाड रबरी होज आणि दुसरी गन घ्या. ऐन दिवाळीत एक गन बिघडली तर दुसरीवर दिवस निभावतो.