‘डॉक्टर, त्याला कळलं असेल का हो?’

घरातला प्राणी गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे लोक सहसा ‘दुःख आवरत नाही’ असं म्हणत नाहीत. ‘मीच मारलं त्याला’ असं म्हणतात. दयामरणाच्या संमतीपत्रावर सही त्यांनीच केलेली असते आणि ती सही काही केल्या डोक्यातून जात नाही. ‘मी घाई केली का?’ आणि ‘मी फार उशीर केला का?’ हे दोन्ही प्रश्न एकच माणूस एकाच बैठकीत विचारतो. त्यातली विसंगती दाखवून द्यायचा मोह होतो, पण त्याचा उपयोग होत नाही. अपराधीपणा हिशेबाला बसत नाही.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

या ताई पन्नाशीच्या पुढच्या. टफी हा त्यांचा दहा वर्षांचा लॅब्राडॉर. एका संध्याकाळी तो जिन्याच्या पायथ्याशी बसला तो उठेचना. हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या. दवाखान्यात नेल्यावर सोनोग्राफीत दिसलं की प्लीहेवरची (पोटातला एक अवयव, स्प्लीन) गाठ फुटून पोटात रक्त साचलंय. एक्स-रेमध्ये फुप्फुसांतही गाठी होत्या. डॉक्टरांनी ऑपरेशनचा पर्याय सांगितला, त्यातून काय हाती लागेल तेही सांगितलं. नवरा-बायकोनं मिळून दयामरणाचा निर्णय घेतला. पण ऐनवेळी ताईंना ते बघवेना आणि त्या बाहेर आल्या. यजमान आत थांबले.

माझ्याकडे आल्या तेव्हा झोप उडालेली होती. नातेवाईक म्हणत होते, ‘अगं, कुत्राच तर होता, दुसरा आण.’ अशा दुःखाला लोकांच्या लेखी जागाच नसते. केनेथ डोका या अभ्यासकानं १९८९ मध्ये हीच कल्पना मांडली होती: समाज ज्याला मान्यता देत नाही असं दुःख. ते कमी नसतं, फक्त एकट्यानं भोगावं लागतं. ताईंना हे पटलं, थोडं हायसंही वाटलं. पण खरं रुतलेलं वेगळंच होतं. बऱ्याच वेळानं खाली बघत त्या म्हणाल्या, “मॅडम, मी बाहेर गेले तेव्हा त्यानं मला शोधलं असेल ना? आई कुठे गेली, असं वाटलं असेल ना त्याला?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी फार तर म्हणू शकले असते, ‘नाही हो, असा विचार करू नका.’ असं सांत्वन माणूस नम्रपणे ऐकून घेतो आणि घरी जाऊन तोच प्रश्न पुन्हा उगाळतो. मी त्या खोलीत नव्हते. टफीच्या अंगावर हात ठेवून जे उभे होते ते त्याचे डॉक्टर होते. मी म्हटलं, “हे त्यांनाच विचारा.”

ताई दचकल्याच. “त्यांना कशाला त्रास? ते किती बिझी असतात. आणि आता कोणत्या तोंडानं जाऊ?” त्यांच्या वतीनं मी फोन करू शकले असते, पण मुद्दाम केला नाही. प्रश्न त्यांचा होता, उत्तरही त्यांच्याच कानांनी ऐकायला हवं होतं. आम्ही मिळून प्रश्न कागदावर लिहिले आणि ओपीडी संपतानाची वेळ मागून घ्यायची असं ठरवलं. इथे एक सांगते. पशुवैद्यांना असे प्रश्न नकोसे वाटतील असं लोक गृहीत धरतात. मला भेटलेले बहुतेक पशुवैद्य उलट सांगतात. पिल्लाच्या पहिल्या लशीपासून ज्याला पाहिलं त्यालाच शेवटचं इंजेक्शन द्यायचं आणि पाच मिनिटांत पुढच्या टेबलावर दुसऱ्या पिल्लाची लस, हा त्यांचा दिवस असतो. आपल्या निर्णयानंतर त्या घराचं काय झालं, हे त्यांना बहुतेकदा कळतच नाही.

ताई गेल्या. डॉक्टर वयानं त्यांच्या मुलाएवढे. त्यांनी टफीची फाईल काढली, खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, “काकू, विचारा.”

“त्याला कळलं असेल का, मी नव्हते ते?”

डॉक्टरांनी क्रम सांगितला. पहिलं इंजेक्शन झोपेचं. ते दिलं तेव्हा ताई तिथेच होत्या, टफीचं डोकं त्यांच्याच मांडीवर होतं. काही मिनिटांत तो गाढ झोपला, डॉक्टरांनी पंजा चिमटून पाहिला तरी हलला नाही. ताई उठल्या त्या यानंतर. दुसरं इंजेक्शन शिरेतून, भुलीच्या औषधाचा फार मोठा डोस. त्यात काही सेकंदांत मेंदू बंद होतो, मग श्वास, मग हृदय. “तुम्ही बाहेर गेलात हे त्याला कळायची वेळच आली नाही. त्याच्या लेखी तुम्ही होतातच.”

मग ताईंनी कागदावरचा दुसरा प्रश्न काढला. साधारण तीन आठवड्यांपूर्वी टफी एक दिवस मलूल होता, जिना चढला नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखा. वय झालं म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं. तेव्हाच आणलं असतं तर? डॉक्टरांनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही, हे मला फार आवडलं. ते म्हणाले, “तेव्हा गाठीतून थोडं रक्त गेलं असावं. ते शरीरात शोषलं जातं आणि कुत्रा पुन्हा ठणठणीत दिसतो. हा आजार असाच फसवतो. तेव्हा आणलं असतंत तर गाठ कदाचित सापडली असती. पण या कॅन्सरमध्ये प्लीहा काढली तरी बहुतेक कुत्री एक ते तीन महिने काढतात, केमो दिली तर चार-सहा. आणि टफीच्या फुप्फुसात तो आधीच पोचला होता.”

‘तुमचं काहीच चुकलं नाही’ या वाक्यापेक्षा हे उत्तर ताईंच्या जास्त कामी आलं, कारण ते तपासून पाहता येण्यासारखं होतं. पुढच्या बैठकीत त्या टफीच्या खोड्या सांगत होत्या. रडत होत्या, पण मी मारलं हे वाक्य त्या दिवशी आलं नाही.

ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे, त्यांच्यासाठी थोडं. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशु-कर्करोगतज्ज्ञांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी दिली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य आहे असं धरतात. किडनीचा आजार, सांधेदुखी असं हळूहळू वाढणारं दुखणं असेल तर घरातल्या प्रत्येकानं वेगवेगळे गुण द्यावेत आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं. टफीसारख्या एका संध्याकाळच्या निर्णयात मात्र मोजपट्टी काढायला सवड नसते. तिथे डॉक्टरांना सरळ विचारावं, ‘तुमचा असता तर काय केलं असतं?’ बरेच जण प्रामाणिकपणे सांगतात. आणि झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर ‘प्राण्यासाठी कुठे समुपदेशन घ्यायचं’ असा संकोच न करता लगेच मदत घ्यावी.

ताईंचं काम बहुतांशी झालं असं वाटत असतानाच त्या यजमानांना घेऊन आल्या. हे आत थांबलेले, ‘खंबीर’. ते इतके दिवस अवाक्षर बोलले नव्हते. “सगळं झाल्यावर त्यानं एक मोठा श्वास घेतला,” ते म्हणाले. “डोळेही उघडेच होते. डॉक्टर म्हणाले गेला, पण तो गेला नव्हता.” हृदय थांबल्यावरही स्नायूंच्या आकुंचनानं असा एखादा श्वास येतो, डोळे मिटत नाहीत, कधी लघवीही होते. डॉक्टर हे आधी सांगतात, त्यांनाही सांगितलं होतं. त्या क्षणी ते कानावर पडलं, आत पोचलं नाही. मी ताईंकडे पाहिलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, “आपण उद्या डॉक्टरांकडे जाऊ. ते बसवून घेतात, सगळं सांगतात.”